इंटरसेप्टर ६५०: सायलेन्सर आणि एअरबॉक्सचं झाकण बदललं, आता इंजेक्शन ट्यून करावंच लागेल का?

घाटवळण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाडी रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५०, २०१९ ची, म्हणजे बीएस४ (धुराच्या जुन्या नियमांतली). शोरूममधून आली तशी होती तोवर एकही तक्रार नव्हती. पुढे दोन्ही बाजूंना स्लिप-ऑन सायलेन्सर चढवले, डीबी किलर (आवाज दाबणारे तुकडे) आतच ठेवले. वजन उतरलं, आवाज भरदार झाला. मग एअरबॉक्सचं मोठ्या तोंडाचं झाकण आणि धुऊन वापरायचा कापडी फिल्टर बसवला. आता पुढचे प्रकार चालू आहेत.

पाचव्या गिअरला ६०-७० च्या स्पीडला रेस स्थिर धरली की गाडी हळूच पुढेमागे करते. रेस सोडली की फटाके. ५,००० आरपीएमच्या वर पूर्ण रेस दिली तर आवाज भरपूर, ओढ मात्र पूर्वीपेक्षा कमी. ॲव्हरेज उतरलंय. आणि एक विचित्र गोष्ट: डाव्या सायलेन्सरचं तोंड उजव्यापेक्षा बरंच काळं होतंय.

गॅरेजवाला म्हणतो थेट पिगीबॅक घ्या, म्हणजे ईसीयूने ठरवलेलं पेट्रोल कमी-जास्त करणारी जोड-डबी. झाकण विकणारा म्हणतो ईसीयू (इंजेक्शन चालवणारा गाडीतला कंप्युटर) आपोआप शिकून घेईल, फक्त चालवत राहा. दोघांपैकी कुणाचं ऐकू?

---

चोक_ओढा

कार्बोरेटर असता तर मेन जेट एक नंबर वाढवून एव्हाना चहाला गेलो असतो. हलकं घ्या.

---

लॅम्बडाकाका

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. पण आधी ईसीयू काय शिकतो आणि काय शिकत नाही ते बघू, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल.

तुमच्या गाडीत दोन्ही सिलिंडरच्या बेंड पाइपवर (हेडमधून निघणारा एक्झॉस्टचा पहिला पाइप) एकेक ऑक्सिजन सेन्सर आहे. हा अरुंद पट्ट्याचा सेन्सर. त्याला फक्त एवढंच कळतं की हवा-पेट्रोलचं मिश्रण योग्य प्रमाणाच्या या बाजूला आहे की त्या. पेट्रोल जास्त असेल तर साधारण ०.९ व्होल्ट देतो, कमी असेल तर ०.१ व्होल्ट, मधली उडी ०.४५ च्या आसपास. किती कमी, किती जास्त हे त्याला सांगता येत नाही. ईसीयू त्या उडीच्या अलीकडे-पलीकडे पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात, आणि हे चालतं फक्त इंजिन गरम झाल्यावर, हलक्या आणि स्थिर रेसवर.

तुम्ही मूठ पूर्ण पिरगाळली की ईसीयू सेन्सरकडे बघणं सोडून देतो. तिथं मिश्रण मुद्दाम गडद, म्हणजे पेट्रोल जास्त असलेलं, हवं असतं (उलट ते हलकं) आणि हा सेन्सर त्या भागात निरुपयोगी असतो. मग कारखान्यात भरलेल्या तक्त्यातून आकडा उचलायचा आणि इंजेक्टर तेवढा वेळ उघडायचा. हा ओपन लूप. तक्ता ज्या सायलेन्सरवर आणि ज्या एअरबॉक्सवर बनवला, तेच गाडीवर आहेत असं तो धरून चालतो.

म्हणून नुसत्या स्लिप-ऑनने तुम्हाला काही जाणवलं नाही. तुमच्या गाडीचा कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) पुढे बेंड पाइपच्या भागात आहे, मागच्या सायलेन्सरमध्ये नाही. धुराच्या वाटेतला मोठा अडथळा जिथल्या तिथेच राहिला. झाकणाची गोष्ट वेगळी. तिथं आत येणारी हवाच वाढली.

आणखी एक बारकावा. हलक्या रेसवर बहुतेक ईसीयू मॅनिफोल्डमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला) दाब मोजून हवेचा अंदाज बांधतात, त्यामुळे फिल्टर मोकळा झाला तर दाबातून थोडंफार कळतं. मोठ्या रेसवर मात्र थ्रॉटल किती उघडलाय आणि आरपीएम किती, या दोनच गोष्टींवर हिशोब चालतो. तिथं झाकण बदलल्याचं कळायला ईसीयूकडे काही साधन नाही. ५,००० च्या वरची तुमची मेलेली ओढ तिथून येत असावी. मात्र काळं तोंड, झुलणं आणि फटाके यांची कारणं तीच असतील असं नाही. सगळी दुखणी एकाच खात्यावर टाकू नका.

---

कोल्हापुरी_पिस्टन

काकांनी थेअरी सांगितली, आता गॅरेजचं सांगतो. भावा, एकच सायलेन्सर काळा म्हणजे मॅपचा, काकांच्या त्या तक्त्याचा, विषयच नव्हं. मॅप खराब असता तर दोन्ही काळे झाले असते. डाव्या बेंड पाइपचा हेडपाशीचा जॉइंट बघ आधी. सायलेन्सर बसवताना लाइन जुळंना म्हणून नट ढिलं केलं होतं का? केलं असंल तर पॅकिंग नवीन घातलं का जुनंच दाबलं?

थंड इंजिन चालू कर, जाड ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं तोंड क्षणभर दाब आणि दुसऱ्याला जॉइंटपाशी कान लावून बसव. फुस्स ऐकू आलं तर तिथंच आजार. साबणाचं पाणी मारलं तर बुडबुडं पण दिसतील. जॉइंट तापायच्या आत उरक, नाहीतर पाणी वाफ होऊन जातंय.

---

सातारी_चिमटा

> मॅप खराब असता तर दोन्ही काळे झाले असते

हे पटलं, पण लीक असेल तर हवा बाहेर जाईल ना? त्याने पेट्रोल जास्त कसं जळेल?

---

लॅम्बडाकाका

चांगला प्रश्न. बाहेर जाते तशी आतही येते. एक्झॉस्ट म्हणजे सलग वारा नाही, एकेक धक्का असतो. दोन धक्क्यांच्या मधे पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून ताजी हवा आत खेचली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो. त्याला वाटतं, मिश्रण हलकं आहे. ईसीयू पेट्रोल वाढवतो. हवा तरीही येतच राहते, ईसीयू आणखी वाढवतो, त्याची मर्यादा संपेपर्यंत. एक सिलिंडर पेट्रोल पीत राहतं, दुसरं बरोबर चालतं, आणि स्थिर रेसवर गाडी झुलते. ॲव्हरेजही तिथंच जातं. कोल्हापूरकरांचं निदान मला बरोबर वाटतंय.

आता समजा या अवस्थेत तुम्ही पिगीबॅक लावून डायनोवर (गाडी जागेवर रोलरवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) गेला असतात, तर ट्यूनरने लीकसकट मॅप बनवला असता. पुढे कधीतरी पॅकिंग बदललं की तो मॅप चुकीचा.

---

स्टॉक_बरा

मी नेहमीप्रमाणे विरोधी पक्षात. ६४८ सीसी, ४७ अश्वशक्ती, ५२ न्यूटन-मीटर. कॉम्प्रेशन ९.५ ला १. कंपनीने हे इंजिन मुद्दाम सौम्य ठेवलंय, हवा आणि ऑइलवर थंड होणारं आहे. त्यात हवेचं झाकण मोठं करून मिळणार काय? जुनं झाकण परत लावा, ऑइल बदला आणि वरंध घाटात जाऊन या. पैसे वाचतील, रस्त्याकडेला पोलिसमामांशी गप्पाही माराव्या लागणार नाहीत.

---

घाटवळण

कोल्हापूरकर, दंडवत! डाव्या जॉइंटला फुस्स आहे. बसवणाऱ्याने नट ढिले करून जुनंच पॅकिंग दाबलं होतं. दोन्ही बाजूंना नवीन घातलं, नट दोन टप्प्यांत सारखे आवळले. झुलणं जवळपास गेलं, डावीकडचा काळेपणाही कमी होतोय. फटाके अर्ध्यावर आले. वरची ओढ मात्र अजून तशीच.

@स्टॉक_बरा, झाकण परत लावायचा पर्याय डोक्यात आहे. पण आता कुतूहल जागं झालंय, तेव्हा थोडं पुढे जाऊन बघू.

---

कोल्हापुरी_पिस्टन

उरलेल्या फटाक्यांचं मनावर घेऊ नको. रेस सोडली की ईसीयू पेट्रोल तोडतो, पाइपात राहिलेलं जळतंय. कंपनीचा सायलेन्सर तो आवाज आत गिळतो, मोकळा सायलेन्सर बाहेर सोडतो. थोडं फुटफुट होणारच. स्लिप-ऑनचा मागचा क्लॅम्प तेवढा घट्ट बघून घे.

---

संत्रा_एक्सप्रेस

भाऊ, आमच्या नागपुरात एक जण छोटी डबी विकते. एअर टेम्परेचर सेन्सरच्या मधे लावायची, ईसीयूला हवा खरी आहे त्यापेक्षा थंड आहे असं भासवते, मग तो पेट्रोल वाढवते. दहा मिनिटांचं काम बे. लॅपटॉप नको, डायनो नको. याच्याबद्दल काय म्हणता काका? मे महिन्यात इथं ४५ डिग्री असते, तेव्हा चालंल का?

---

लॅम्बडाकाका

या कल्पनेचा नावाजलेला अवतार डेन्मार्कचा बूस्टरप्लग. तत्त्व खरं आहे. थंड हवा दाट असते, म्हणून ईसीयू पेट्रोल वाढवतो. २० डिग्रीच्या तुलनेत ४५ डिग्रीला हवेची घनता सुमारे ८ टक्के कमी होते, आणि तेवढीच दुरुस्ती हा सेन्सर ईसीयूकडून करून घेत असतो. तुम्ही त्याच्या मधे बसून खोटं सांगता. चांगली डबी बाहेरचं तापमान स्वतः मोजून ठरावीक फरकाने खोटं बोलते. स्वस्त नक्कल म्हणजे नुसता एक रेझिस्टर, तो पौषात आणि वैशाखात वेगवेगळं खोटं बोलतो. ४५ डिग्रीला तो काय करेल ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मर्यादा दोन. एक, पेट्रोल सगळीकडे सारखंच वाढतं, जिथं हवंय तिथं आणि जिथं नकोय तिथंही. दोन, क्लोज्ड लूपमध्ये ऑक्सिजन सेन्सर ती वाढ पकडतो आणि ईसीयू ती काढून टाकतो. तरी नुसत्या स्लिप-ऑनवर गाडीचा खडबडीतपणा घालवायला एवढं पुरतं. उघड्या झाकणाला नाही.

पुढची पायरी ऑक्सिजन सेन्सरच्या सिग्नलवर काम करणारी यंत्रं. आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचं फ्युएलएक्स बरेच जण वापरतात. ते सेन्सरच्या तारेत बसतं आणि ईसीयूला योग्य प्रमाणाऐवजी किंचित गडद मिश्रणावर आणून ठेवतं. गावातल्या, हलक्या रेसच्या चालवण्यात फरक छान जाणवतो.

त्याच्या वर खरा पिगीबॅक. त्याच कंपनीचं पॉवरट्रॉनिक, अमेरिकेच्या डायनोजेटचा पॉवर कमांडर. हे ईसीयू आणि इंजेक्टरच्या मधे बसतात. ईसीयूने ठरवलेला वेळ ते आरपीएम आणि थ्रॉटलच्या चौकटीप्रमाणे टक्केवारीने वाढवतात किंवा कमी करतात. पॉवरट्रॉनिकमध्ये इग्निशनचा, म्हणजे ठिणगी कधी पाडायची त्याचा, तक्ताही असतो. याचा एक फायदा लोक विसरतात: टक्केवारी ईसीयूच्या हिशोबावर चढते, त्यामुळे उंचीची आणि तापमानाची दुरुस्ती कंपनीचीच राहते. खारदुंग-लाला, ५,३५९ मीटरवर, हवा जवळजवळ निम्मी असते. तिथं तुमचा पुण्यात बनवलेला ‘+६ टक्के’ ईसीयूने आधीच कमी केलेल्या आकड्यावर बसतो. गाडी पेट्रोलने गुदमरत नाही.

सगळ्यात वर ईसीयूचाच तक्ता बदलणं, म्हणजे फ्लॅश. काम स्वच्छ, पण परत फिरणं अवघड आणि ते करणारा माणूस खरंच जाणकार लागतो.

---

निळी_क्लासिक

माझा प्रश्न थोडा अवांतर वाटेल. काका, तुम्ही ‘योग्य प्रमाण’ म्हणता ते हवा-पेट्रोलचं १४.७ ना? मग आता पंपावर सगळीकडे ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे, तर ते १४.७ अजून खरं आहे का? माझ्या भावाकडे वाइडबँड गेज (मिश्रण किती हलकं-गडद ते आकड्यात दाखवणारं) आहे, ते तर अजूनही १४.७ च दाखवतं.

---

लॅम्बडाकाका

ताई, अवांतर कसलं! या धाग्यात सगळ्यात आधी हेच यायला हवं होतं.

१ किलो शुद्ध पेट्रोल पुरतं जाळायला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्याला ९ किलोच पुरते. २० टक्के इथेनॉल मिसळलं की हिशोब १३.५ च्या आसपास येतो, १० टक्क्यांना १४.१. ई१० देशभर पोचलं २०२२ मध्ये, ई२० ची विक्री २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळ्या पंपांवर तेच मिळायला लागलं. म्हणजे २०१९ ची गाडी ज्या पेट्रोलवर कारखान्यात जुळवली गेली, ते पेट्रोल आज मिळतच नाही.

मग गेज १४.७ का दाखवतं? सेन्सर मुळात लॅम्बडा मोजतो, म्हणजे आत्ताची हवा भागिले त्या इंधनाला लागणारी हवा. लॅम्बडा १ म्हणजे हिशोब चोख, मग पेट्रोल असो की ई२०. गेजच्या पडद्यामागे तो आकडा १४.७ ने गुणून दाखवतात, एवढंच. म्हणून माझा आग्रह: गेज लॅम्बडावर लावा आणि १४.७, १३.२ वगैरे आकडे विसरून जा. जुन्या लेखांतले आकडे आजच्या टाकीला लावताना होणारा निम्मा गोंधळ तिथंच संपतो.

आता घाटवळण यांच्या गाडीकडे. शुद्ध पेट्रोलवरून ई२० वर आलात तर तेवढ्याच हवेला साधारण साडेसात टक्के जास्त इंधन लागतं. ई१० वरून आलात तर चारेक टक्के. क्लोज्ड लूपमध्ये ईसीयू ते भरून काढतो. पूर्ण रेसवर, शिकलेली दुरुस्ती तिथं नेणारा ईसीयू नसेल तर, कुणीच भरून काढत नाही. म्हणजे झाकण लावण्याआधीच ही गाडी वरच्या पट्ट्यात थोडी हलकी चालत असणार. झाकणाने त्यात भर घातली.

---

सातारी_चिमटा

मग १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल टाकलं तर?

---

चोक_ओढा

तर पंपवाला खूश होईल.

---

लॅम्बडाकाका

चोकराव बरोबर बोलतायत. ऑक्टेन म्हणजे ठोका (मिश्रणाचं सिलिंडरमध्ये आपोआप पेटणं) न पडू देण्याची ताकद. मिश्रण हलकं असेल तर ते ऑक्टेनने गडद होत नाही. शिवाय इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच जास्त, आणि ९.५ कॉम्प्रेशनला पंपावरचं साधं इंधन पुरून उरतं.

---

दिवेघाट_रात्रपाळी

मी पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो, कंपनीचं नाव नको. घाटवळण, काही विकत घ्यायच्या आधी मोजा. ऐकीव लक्षणांवर पिगीबॅक घेणं म्हणजे पाच-सहा आकडे भरून बघायचे आणि मनाचं समाधान करायचं.

मोजायला वाइडबँड लागतो. आत बहुतेकदा बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर असतो. तो बसवायला बेंड पाइपवर नट वेल्ड करावा लागतो. जागा निवडताना सेन्सरचं डोकं वर राहील, आडव्या रेषेच्या किमान १० डिग्री वर, असं बघा, नाहीतर पाइपात जमणारं पाणी सेन्सर मारतं. सेन्सर पाइपात असेल तर तो चालू हवा. वीज न देता धुरात ठेवला की काजळी धरतो.

सायलेन्सरच्या मागच्या तोंडात नळी घालून मोजणारे भेटतील. पूर्ण रेसवर ते चालतं. आयडलला मागून हवा उलटी आत येते आणि आकडा हलका दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका. तुमचं इंजिन दोन सिलिंडरचं आहे आणि खाली दोन्ही पाइपांना जोडणारी नळी आहे. तिच्या आधी एका पाइपात मोजलंत तर एकाच सिलिंडरची कुंडली मिळेल. दोन्हीकडे मोजा.

लक्ष्य काय ठेवायचं? स्थिर चालीला लॅम्बडा १ च्या आसपास, तिथं ईसीयूला त्याचं काम करू द्या. पूर्ण रेसवर ०.८६ ते ०.९०. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला मी ०.८७ कडे झुकतो, कारण जादा इंधन ज्वलनकक्ष थंड ठेवायलाही मदत करतं. ०.९५ च्या वर पूर्ण रेसवर लांब चढ चढवू नका.

रस्त्यावर हे मोजायचं तर कात्रज किंवा खंबाटकीचा चढ, तिसरा गिअर, आणि आकडा लॉगरने नोंदवायचा. चालवता चालवता गेज वाचणाऱ्यांचा मला राग येतो. डायनो परवडत असेल तर तेच करा. तिथं वेग शून्य, पडायची भीती नाही.

---

गिअर_दुसरा

एवढं कशाला? परदेशी फोरमवर याच सायलेन्सर-झाकणाच्या जोडीचा मॅप फुकट मिळतो. डाउनलोड, अपलोड, संपलं. माझ्या मित्राने केलंय, गाडी पळतेय.

---

दिवेघाट_रात्रपाळी

पळणारच. शेजाऱ्याचा चष्मा लावूनही पेपर वाचता येतो, डोकं संध्याकाळी दुखतं. तो मॅप ज्या देशात बनला तिथलं पेट्रोल कुठलं, गाडी युरो ४ की युरो ५, डीबी किलर आत होता की काढलेला, यातलं काय माहीत आहे? इथेनॉलमुळेच चार-सात टक्क्यांचा फरक पडू शकतो, आणि चांगल्या ट्यूनमध्ये आपण भांडतो दोन-तीन टक्क्यांवर.

सुरुवात करायला तो मॅप घ्या, हरकत नाही. इग्निशनच्या तक्त्याला मात्र हात लावू नका. इंधन जास्त झालं तर गाडी धूर सोडेल, प्लग काळा करेल. इग्निशन जास्त पुढे नेलं तर ठोका पडेल, आणि उघड्या सायलेन्सरच्या आवाजात तो ऐकूही येणार नाही. पिस्टनला बरोबर कळेल.

---

गिअर_दुसरा

बरं बाबा. मित्राला सांगतो.

---

कोल्हापुरी_पिस्टन

प्लग बघून मिश्रण ओळखायचे दिवस पण गेले राव. पूर्वी चॉकलेटी रंग दिसला की खूश व्हायचो. आता इंजेक्शनच्या गाडीत आयडलला आणि हलक्या रेसला सेन्सर सगळं सरळ करून ठेवतोय, वरच्या पट्ट्यात काय झालं ते प्लग सांगतच नाही. गाडी पूर्ण रेसवर असतानाच इंजिन बंद करून प्लग काढणारा मर्द अजून कोण असंल तर वेगळी गोष्ट.

---

स्टॉक_बरा

कायद्याचं कुणी बोलत नाहीये, म्हणून मीच बोलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदींपासून गाडी हटेल असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद. आवाज आणि धुराचं कलम १९० (२) वेगळं: १०,००० पर्यंत दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन ३ महिने स्थगित. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवतानाचे फोटो पेपरात येतात ते सगळ्यांनी पाहिलेत.

बीएस६ वाल्यांनी आणखी जपा. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत दुसरा टप्पा आला, ईसीयू स्वतःच्या सेन्सरांवर सतत नजर ठेवतो. सेन्सरच्या तारेत काही घातलं आणि सिग्नल पटला नाही की दिवा पेटतो. सर्व्हिस सेंटरला तो कोड वाचता येतो, मग वॉरंटीचं तुम्ही आणि ते बघून घ्या.

---

निळी_क्लासिक

दंडाचा भाग छापून गॅरेजच्या भिंतीवर लावायला हवा. आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला फटफटत जाणारा एक जण आहे, त्याला तर घरपोच द्यायला हवा.

---

घाटवळण

बराच उशीर झाला, पण बातमी आहे. आधी वाइडबँड उसना घेऊन दोन्ही पाइपांत मोजलं. स्थिर चालीला लॅम्बडा १ च्या आजूबाजूला, दोन्हीकडे सारखा. पूर्ण रेसवर ४,००० पर्यंत ०.९०-०.९१, पुढे चढत जाऊन ५,५०० ते ६,५०० मधे ०.९६. म्हणजे काकांचं म्हणणं तंतोतंत.

मग जुनं झाकण आणि जुना फिल्टर लावून परत मोजलं. ०.९६ चं ०.९२ झालं. नव्या झाकणाने हवा नक्की जास्त येतेय, आणि जुन्या झाकणावरही ई२० मुळे (निदान मला तरी तसंच दिसतंय) वरचा पट्टा थोडा हलकाच आहे.

नवं झाकण ठेवलं, पिगीबॅक घेतला आणि डायनोवर गेलो. ट्यूनरने ३० टक्क्यांच्या खालच्या थ्रॉटलला अजिबात हात लावला नाही, सगळे शून्य ठेवले. वर ४,५०० पासून +४, पुढे +८, ६,५०० नंतर +७. आता पूर्ण रेसवर ०.८८ च्या आसपास सरळ रेघ आहे. इग्निशन कंपनीचंच. ताकद वाढली, पण मित्रांना सांगून जळवावं इतकी नाही. फरक जाणवतो तो ओव्हरटेक करताना, ५,००० ला जी दरी होती ती भरली. ॲव्हरेज पूर्ववत.

एक शंका उरली. ट्यूनर म्हणाला ७,२५० ला एक चक्र १६.५ मिलिसेकंदांचं असतं, इंजेक्टर किती वेळ उघडा राहतो ते बघितलं पाहिजे. म्हणजे काय? आणि आयडलला किंचित थरथर अजून आहे, ती मॅपने जाईल का?

---

दिवेघाट_रात्रपाळी

छान काम केलंत. जुनं झाकण लावून परत मोजायचं सहसा कुणाला सुचत नाही.

इंजेक्टरचं असं. चार फटक्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमध्ये एकदा इंधन जातं. १२० भागिले ७,२५०, म्हणजे साडेसोळा मिलिसेकंद. त्यातला ८०-८५ टक्के वेळ इंजेक्टर उघडा राहायला लागला की त्याची क्षमता संपत आली समजायचं, कारण उघड-मिटायलाही त्याला साधारण एक मिलिसेकंद जातो आणि बॅटरी उतरलेली असेल तर जास्त. नुसतं झाकण आणि सायलेन्सर बदलून तुम्ही त्या हद्दीला जाणार नाही. मोठा बोअर किंवा वेगळा कॅम टाकणाऱ्यांनी ती काळजी करायची.

आयडलची थरथर मॅपने जाणार नाही. तुमच्या गाडीला दोन थ्रॉटल बॉडी, मूठ ते थ्रॉटल साधी केबल. दोन्ही सारख्या उघडत नसतील तर दोन सिलिंडर वेगवेगळी हवा ओढतात. व्हॅक्यूम गेजची जोडी लावून सिंक करून घ्या, इंजिन पूर्ण गरम असताना. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) तपासा. टॅपेट चुकलेले असताना केलेलं सिंक टिकत नाही.

---

कोल्हापुरी_पिस्टन

आणि एअरबॉक्स काढघाल केलाय तर इनटेकच्या रबरी बूटचे क्लॅम्प पण बघ. तिथनं हवा खेचली तर आयडललाच पहिलं कळतंय. गाडी चालू ठेवून बूटवर कार्ब क्लीनरचा हलका फवारा मार, आयडल बदललं तर फट आहे. मात्र गरम पाइपावर उडवू नको, आग लागंल.

---

घाटवळण

उजव्या बूटचा क्लॅम्प बोटाने फिरत होता. आवळला, थरथर बरीच कमी झाली. टॅपेट आणि सिंक पुढच्या सर्व्हिसला.

---

संत्रा_एक्सप्रेस

काका, माझी हिमालयन ४११ आहे, एकच सिलिंडर, एकच सेन्सर. फक्त स्लिप-ऑन लावलाय, एअरबॉक्स कंपनीचाच. ती डबी घेऊ का नको?

---

लॅम्बडाकाका

पूर्ण रेसवर एकदा लॅम्बडा मोजा. ०.९२ च्या आत असेल तर डबी नको. वर असेल तर आकडे घेऊन या, वेगळा धागा काढा, तिथं बोलू.